लाझारियो वाचून झालं, आता पुढे काय वाचू?

रानजाई:
मंडळी, 'लाझारियो दे तोर्मेस' (१५५४), आंधळ्या भिकाऱ्याकडे चाकरी करणाऱ्या लबाड पोराची स्पॅनिश कादंबरी, इंग्रजीतून वाचलं आणि डोक्यातून जातच नाहीये. तो द्राक्षांचा प्रसंग! आंधळा म्हणतो एकेक खायचं, मग स्वतःच दोन दोन तोंडात टाकायला लागतो, पोरगं बघून तीन तीन उचलतं, आणि घोस संपल्यावर आंधळा म्हणतो तू तीन तीन खाल्लीस, कारण मी दोन दोन खात होतो तरी तू गप्प होतास. काय जबरदस्त लिहिलंय! मला डीफोची 'मोल फ्लँडर्स', एका चोर बाईने सांगितलेली स्वतःची गोष्ट, आधीपासून खूप आवडते आणि सारखं वाटत होतं की घराणं एकच आहे. हे सगळं स्पेनहून इंग्लंडात पोचलं कसं, मधलं काय वाचू? प्लीज सांगा.

पैलतीर:
बरोबर ओळखलंत. लाझारियो डेव्हिड रोलंडने इंग्रजीत आणला, त्याची १५८६ची प्रत आहे. पण माझ्या मते मोलच्या जास्त जवळचा मातेओ आलेमानचा 'गुस्मान दे आल्फाराचे', भाग १५९९ आणि १६०४चे, जेम्स मॅबने १६२२मध्ये 'द रोग' नावाने इंग्रजीत केला. गॅलीवर (वल्ह्यांच्या जहाजावर) वल्हं मारायची शिक्षा झालेला चोर स्वतःची गोष्ट सांगतो, चोरी पण रंगवून सांगतो आणि पश्चात्ताप पण, मोलचा (१७२२) सूर हाच ना? फक्त जाडजूड आहे, मधेमधे लांब प्रवचनं, म्हणून आधी सर्व्हान्तेसची 'रिंकोनेते आणि कोर्तादियो' (१६१३) ही कथा घ्या. स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या चोरांचा म्होरक्या मोनिपोदिओ, त्याच्याकडे या आठवड्यात कुणावर वार करायचे त्याची चक्क वही असते, त्याला वाचता येत नाही म्हणून नवीन पोरगं वाचून दाखवतं: चौकातला व्यापारी, पन्नास एस्कुदो (सोन्याची नाणी), तीस जमा. म्हणजे सुपारी आणि वर विसार! त्याच्यावर लगेच जॉन गेचं 'बेगर्स ऑपेरा' (१७२८) हे इंग्रजी नाटक वाचा, पडदा उघडतो तेव्हा चोरीचा माल घेणारा पीचम हिशेबाची वही उघडून बसलेला. गेने तिथूनच उचललं असं मी म्हणत नाही, पण लागोपाठ वाचताना अंगावर काटा येतो.

कोकणकडा:
सगळं श्रेय स्पेनला नको हं. रॉबर्ट ग्रीन १५९१पासूनच लंडनच्या भामट्यांच्या युक्त्यांवर छोट्या पुस्तिका काढत होता, खिसेकापूंच्या त्यांच्या त्यांच्या शब्दांसकट. त्या पण यादीत टाका, एका बैठकीत होतात.

रानजाई:
दोघांनाही मनापासून धन्यवाद! त्या वहीतच अडकलेय, आज रात्री तीच कथा, मग ग्रीन. गुस्मान दिवाळीच्या सुट्टीत.