इंग्लंडमधील ओम्बड्समनने मुलाच्या ताब्याची तक्रार घेतली नाही, आता काय करावं?

डिचोलीकर
पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेल्या आमच्या भागातल्या एका कुटुंबासाठी विचारतोय. त्यांचा सात वर्षांचा मुलगा काउन्सिलच्या (तिथल्या स्थानिक प्रशासनाच्या) ताब्यात आहे, फॅमिली कोर्टाने तसा ताबा देणारी केअर ऑर्डर दिलीय. तक्रारी तीन: सोशल वर्करने कोर्टाला चुकीचा अहवाल दिला, आढावा बैठकांना कोंकणी दुभाषी दिला नाही, इतिवृत्तही उशिरा, आणि गोव्यातल्या आजी-आजोबांचा ठरलेला व्हिडिओ कॉल परस्पर बंद केला. काउन्सिलचं पहिलं उत्तर आल्यावर ओम्बड्समनकडे (काउन्सिलच्या कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणारा स्वतंत्र अधिकारी) अर्ज केला, तर ‘चौकशी करता येत नाही’ असं पत्र आलं. गोव्याच्या बालहक्क आयोगाकडे जाऊन काही होईल का?

कायदा_फोंडा
आयोगाचा अधिकार तिथे चालत नाही. नागरिकत्व पोर्तुगीज असेल तर पोर्तुगालच्या वाणिज्य दूतावासाला कळवा.

आता ओम्बड्समनचं. तिन्ही तक्रारी एकाच अर्जात गुंफल्या असतील तर पहिलीने बाकीच्या दोन्ही बुडवल्या असतील. १९७४ च्या लोकल गव्हर्नमेंट अॅक्टप्रमाणे कोर्टात जे चाललं त्याला ओम्बड्समन हात लावू शकत नाही. कोर्टापुढे ठेवलेला सोशल वर्करचा अहवालही त्यातच येतो, आणि खटला संपला म्हणून ही मनाई उठत नाही. अहवाल खोटा असेल तर ते कोर्टातच मांडायला हवं होतं, उलटतपासणीत किंवा अपिलात. मूल घरी आणायचं तर १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम ३९ खाली केअर ऑर्डर रद्द करण्याचा अर्ज कोर्टातच करावा लागतो. ‘मूल परत द्या’ असं ओम्बड्समन सांगूच शकत नाही, ही आशा कुटुंबाने आधी सोडावी.

दुभाषी आणि इतिवृत्त या कारभारातल्या चुका आहेत, त्या वेगळ्या काढा. कॉलचं मात्र जपून. भेटीगाठींवर कोर्टाचा आदेश असेल तर तो वाद पुन्हा कोर्टाचा, कलम ३४. काउन्सिलने स्वतःच्या केअर प्लॅनमध्ये (मुलाच्या देखभालीच्या आराखड्यात) कॉल लिहून कारण न नोंदवता बंद केला असेल, तर तक्रारीला जागा आहे.

समुपदेशक_मडगाव
दुसरी अडचण बहुधा घाईची. मुलांच्या सेवांबद्दलच्या तक्रारीचे तीन टप्पे काउन्सिलकडेच पूर्ण करावे लागतात. पहिल्याचं उत्तर कामाच्या १० दिवसांत, फार तर २० दिवसांत. दुसऱ्यात तपास अधिकारी आणि त्याच्याबरोबर काउन्सिलबाहेरची एक स्वतंत्र व्यक्ती. मुदत २५ दिवस, वाढली तरी ६५. तिसऱ्यात पॅनेल, जे मागणीनंतर ३० दिवसांत बसायला हवं. दिवस सगळे कामाचे धरा. पुढच्या टप्प्याची मागणी आधीचं उत्तर मिळाल्यापासून २० दिवसांत करायची असते, आणि कुटुंबं नेमकी इथेच अडकतात. काउन्सिल ‘या, बसून बोलू’ म्हणते, बोलण्यात मुदत निघून जाते. बोलणी करा, पण ‘चिल्ड्रन अॅक्टच्या पद्धतीने दुसऱ्या टप्प्याची चौकशी हवी’ ही ओळ ई-मेलने आधी पाठवा. काउन्सिलने नकार दिला किंवा नुसतंच ताटकळत ठेवलं, तर तेवढ्याच मुद्द्यावर ओम्बड्समनकडे जाता येतं.

बैठका आढाव्याच्या म्हणताय, म्हणून हे टप्पे सांगितले. चाइल्ड प्रोटेक्शन कॉन्फरन्स (मुलाला धोका आहे का हे ठरवणारी बैठक) असती तर तक्रार सहसा काउन्सिलच्या साध्या तक्रार पद्धतीने गेली असती.

डिचोलीकर
अर्ज आजी-आजोबांच्या नावे केला तर चालेल? आणि लिहायचं कसं?

कायदा_फोंडा
आईवडिलांची लेखी संमती जोडली तर ते त्यांच्या वतीने तक्रार करू शकतात. स्वतःच्या नावे करायची तर मुलाच्या हिताशी त्यांचा पुरेसा संबंध आहे, हे काउन्सिलने मान्य करावं लागतं.

‘सोशल वर्कर आमच्या विरोधात होती’ या वाक्यावर काही होत नाही. असं लिहा: ‘अमुक तारखेच्या आढावा बैठकीसाठी दुभाषी मागितला, ई-मेल सोबत. दिला नाही. कॉल बंद केल्याचं आईला नंतर इतिवृत्त हाती आल्यावर कळलं.’ निर्णय कसा घेतला एवढंच ओम्बड्समन तपासतो. रीत बरोबर असेल तर निर्णय पटला नाही म्हणून तो बदलत नाही.

तारखांवर लक्ष ठेवा. गोष्ट कळल्यापासून १२ महिन्यांत ओम्बड्समनकडे पोचायला हवं; उशिराची तक्रार सबळ कारण असेल तरच घेतात. फाइलची प्रत आईवडिलांनी माहिती संरक्षण कायद्याखाली मागावी. फुकट मिळते, मुदत एक महिना, गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने. इतरांची माहिती काळी करून देतात.

समुपदेशक_मडगाव
तक्रार खरी ठरली तर माफी, थोडी रक्कम, राहून गेलेली बैठक नीट पुन्हा घेणं, असं मिळतं. शिफारस बंधनकारक नसते, पण काउन्सिल सहसा पाळते. त्या सोशल वर्करच्या वागणुकीबद्दलच म्हणणं असेल तर सोशल वर्क इंग्लंड ही वेगळी संस्था आहे.

आणि कळकळीने सांगते, कोर्टाचे कागद इथे किंवा वॉट्सअॅपवर टाकू नका. फॅमिली कोर्टाची कागदपत्रं परवानगीशिवाय उघड करणं तिथे कोर्टाचा अवमान ठरू शकतं. ओम्बड्समनच्या पत्रातलं नकाराचं कारण तेवढं नावं वगळून लिहा. ‘अजून वेळ आली नाही’ असं असेल तर तीन टप्पे संपवून परत जाता येईल. ‘कोर्टाचा विषय’ असं असेल तर उरलेल्या दोन तक्रारी आधी काउन्सिलकडे सुट्या मांडा.

डिचोलीकर
देव बरें करूं. पत्र मागवून कारण लिहितो.