मदत हवी आहे: फरशी सरकतच नाही!

नमस्कार मंडळी, आम्ही सिडकोत राहतो. नववीतल्या पुतणीने विज्ञान प्रदर्शनासाठी (माझं न ऐकता) विषय घेतलाय: तेलविहिरीतून तेलासोबत निघणारं खारं पाणी परत खोल जमिनीत सोडतात, त्याने भ्रंशातला (खडकांमधल्या मोठ्या भेगेतला) दाब वाढतो, खडकांची पकड ढिली होते आणि भूकंप होतो. अमेरिकेत ओक्लाहोमात पॉनीजवळ २०१६ साली ५.८ चा झाला. कोयना हे आपल्या जवळचं उदाहरण, पण तिथे कारण धरणाचं पाणी.

हेच दाखवायला काल गच्चीवर दोन शहाबादी फरश्या एकमेकींवर तिरप्या ठेवून मधे सलाईनच्या नळीने पाणी सोडलं. फरशी ढिम्म, पाणी मात्र जिन्यापर्यंत! मधे दाब धरून कसा ठेवायचा? कडेने सायकलची ट्यूब कापून लावू का? मेरीतलं (नाशिकची अभियांत्रिकी संशोधन संस्था) किंवा भूगर्भशास्त्र शिकवणारं कुणी असेल तर प्लीज सांगा. प्रदर्शन शनिवारी आहे.