खुबा झिजलेल्या मावशींना मांडी घालता येईल असं बोलून बसलेय, आता काय करू?

पहाटेची_बॅच (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी पावणेसहाला योगाची बॅच घेते, योगशिक्षक कोर्स करून दोन वर्षं झाली. बायका बहुतेक चाळीस ते साठच्या, पाठ, मान, थायरॉइड, ह्यांची आता सवय झालीये. पण गेल्या महिन्यात एक मावशी आल्या, वय ६३, शाळेतून रिटायर झालेल्या, उजवा खुबा झिजलाय, ऑस्टिओआर्थ्रायटिस ग्रेड ३. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन एवढ्यात नको, वजन कमी करा, व्यायाम करा. कुठला ते नाही सांगितलं, म्हणून त्या योगाला आल्या.

आधी त्या दुसऱ्या एका क्लासला जायच्या, तिथे तितली (तळवे जुळवून गुडघे बाजूला सोडायचं आसन) करताना सरांनी मागून येऊन दोन्ही गुडघे खाली दाबले, 'सोडा सोडा, मोकळं होईल' म्हणत, आणि पुढचे चार दिवस ह्या भिंत धरून बाथरूमला जात होत्या. त्यामुळे मी हात लावायलाच घाबरते.

खरं दुखणं आठ दिवसांनी कळलं. भजनी मंडळात सगळ्याजणी सतरंजीवर आणि ह्यांना एकटीला प्लॅस्टिकची खुर्ची. 'अगं टाळ वाजवते मी, पण बक्षीस समारंभाला पाहुणी आल्यासारखं वाटतं' म्हणाल्या. त्यांना परत मांडी घालून बसायचंय. मी आपली बोलून गेले, 'करू की मावशी हळूहळू'. ते होणार आहे का? आणि काय द्यावं, काय नको?

फिजिओ_नाशिकरोड

ताई, राग मानू नका पण मांडीचा शब्द परत घ्या.

मांडी घालायला खुबा वाकावा लागतो, पाय बाहेर जावा लागतो आणि मांडी बाहेरच्या बाजूला वळावी लागते, तिन्ही एकाच वेळी. ग्रेड ३ मध्ये सांध्यातला गॅप कमी झालेला असतो आणि कडेने हाड वाढलेलं असतं, म्हणजे तिथे हाडालाच हाड अडतं. आखडलेला स्नायू ताणून सुटतो, हाड कसं सुटेल? त्या सरांनी गुडघे दाबले तेव्हा त्या दाबाला जायला जागाच नव्हती. तितली, पद्मासन, मालासन म्हणजे पूर्ण उकिडवं बसणं, कबुतरासारखं बसायचं ते आसन, पाय अडकवून पिळ्याची आसनं, हे सगळं ह्या मावशींसाठी बंद. एक्स-रे वाईट आणि दुखणं कमी किंवा उलटंही असतं, त्यामुळे ग्रेड ऐकून घाबरूही नका.

आणि एकदा त्यांना विचारा, नक्की कुठे दुखतं ते हाताने दाखवा. आपल्याकडे कंबर म्हटलं की मणक्यापासून मांडीपर्यंत सगळाच तालुका येतो. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेक जांघेत असतं, कधीकधी तर फक्त गुडघ्यात, माझ्याकडे गुडघ्याचे दोन-दोन एक्स-रे घेऊन लोक येतात आणि निघतो खुबा. सांधा दुखणारी माणसं बऱ्याचदा अंगठा मागे आणि बोटं जांघेकडे असा पंजा कुशीला लावून दाखवतात. बाजूच्या हाडावर बोट ठेवलं, त्या कुशीवर झोपवत नाही म्हणाल्या, तर तो स्नायूच्या टोकाचा त्रास असू शकतो, आणि पोटरीपर्यंत मुंग्या येत असतील तर मणका बघावा लागेल.

आता द्यायचं काय. चालताना एका पायावर आलो की खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, कारण कंबर एका बाजूला कलू नये म्हणून कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू जोरात ओढतो. तो कमजोर झाला की माणूस झुलत चालतो. म्हणून आधी त्याला ताकद. चांगल्या कुशीवर झोपवून, दोन पायांत उशी, वरचा पाय वीतभर वर, बस, जास्त नाही. सेतुबंधासन, म्हणजे उताणं झोपून कंबर उचलणं, पण कमी उंचीचं. खुर्चीतून उठणं-बसणं, हे तर रोज. पाच मिनिटं पालथं झोपणं, कारण हे लोक दिवसभर बसून पुढून आखडतात. जमिनीवर उतरता येत नसेल तर हे दिवाणावर करा, योगाला फरशीच पाहिजे असं कुठे लिहिलंय.

करताना दहापैकी तीन-चार दुखलं तर चालतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर डोस जास्त झाला, कमी करा. काठी लागली तर डाव्या हातात द्या, उजवा खुबा आहे ना. सगळे दुखऱ्या बाजूला धरतात. रात्री स्वस्थ पडूनही ठणका, ताप, किंवा एकदम पाय टेकवेना झालं तर योग बाजूला ठेवून थेट डॉक्टर.

एक खरं सांगतो, अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये व्यायामाची जोरदार शिफारस आहे, खुबा आणि गुडघा दोन्हीसाठी, ताई-चीचीसुद्धा आहे. योगाची आहे ती फक्त गुडघ्यासाठी आणि तीही सौम्य शब्दात. त्यामुळे योगाने सांध्यातली झिजलेली गादी परत येते असं कुणी फ्लेक्सवर लिहिलं असेल तर तिकडे जाऊ नका.

गोदाकाठचा_अण्णा

एवढं काय अवघड करताय. तिळाचं तेल कोमट करून रोज रात्री खुब्यावर जिरवा, एकवीस दिवसांत मांडी. माझ्या साडूची केस.

फिजिओ_नाशिकरोड

अण्णा, खुबा खूप आत असतो, वर एवढे स्नायू आणि चरबी, तेल तिथवर जातच नाही, मलमसुद्धा नाही. मालिशने बरं वाटतं, जरूर करा, थंडीत तर छानच. साडूंना नक्की काय झालं होतं ते विचारा मात्र.

दोरी_आणि_लोड (गंगापूर रोड)

मी अय्यंगार पद्धतीने शिकते, तिथलं सांगते. गुरुजींनी (बी. के. एस. अय्यंगार) पुण्यात १९७५ साली संस्था काढली तेव्हापासून खुर्ची, पट्टा, विटा, लोड ह्यावर आजारी माणसांचं किती काम झालंय, आणि नाशिककर अजून खुर्ची म्हटली की नाक मुरडतात, 'म्हातारे झालो का आम्ही'.

ताई, घरातला ओटा वापरा. ओट्याच्या कडेला दोन्ही हात, पाय मागे नेत पाठ लांब करायची, कंबरेतून वाकायचं, जांघेत चिमटा बसला की तिथून दोन इंच वर यायचं आणि तिथेच पाच श्वास थांबायचं. मावशी पोळ्या झाल्यावर उभ्या-उभ्या करतील, वेगळा वेळ नको. सुप्त पादांगुष्ठासन (उताणं झोपून एक पाय वर घ्यायचा) चालतं पण पट्ट्याने आणि पाय जेमतेम वर. आमच्याकडे एक बाई पट्टा घेऊन पाय डोक्याकडे ओढायच्या नुसत्या, त्याने जांघच चिडते. त्रिकोणासन भिंतीला पाठ टेकून आणि हात खाली नाही, स्टुलावर. वृक्षासनात तळवा मांडीला लावायचा हट्ट सोडा, टाच घोट्याला, एक हात भिंतीला. शवासनात गुडघ्याखाली जाड उशी, नाहीतर पंधरा मिनिटं त्या दुखणंच मोजत पडतील. भ्रामरी, म्हणजे गुणगुणत श्वास सोडायचा प्राणायाम, जरूर द्या. दुखण्याच्या भीतीने माणूस श्वास धरून चालतो हे मी माझ्या आईत बघितलंय.

प्रेसमधला_निवृत्त

मी पेशंट म्हणून लिहितो. नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी, उभ्याचं काम. डावा खुबा. चार वर्षं खुर्चीवरचा योग केला, झिजायचं ते झिजलंच, पण त्या चार वर्षांत कामावर गेलो, गडावर जाऊन आलो. (सप्तशृंगीला आता ट्रॉली आहे, पाचशे पायऱ्यांचा पराक्रम नको. जिथे पायऱ्या चुकत नाहीत तिथे चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, कठडा धरून.) मग रात्रीची झोप गेली आणि मोजे बायको घालायला लागली तेव्हा ऑपरेशन केलं, २०१९ ला. केलं ते बरंच केलं, आधीच्या व्यायामामुळे लवकर उभा राहिलो असं माझं मत. पण मांडी तेव्हाही बंदच, सर्जनने बजावून सांगितलं, पायावर पाय नाही, खाली वाकून बसणं नाही, संडास कमोडचा. कुठून कापतात त्यावर नियम बदलतात म्हणे, ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारावं.

भजनाचं म्हणाल तर आमच्या मंडळात आम्ही तिघे खुर्चीवाले होतो. मृदंगवाल्याची खुर्ची आमच्यातच टाकली आणि मागची रांगच खुर्च्यांची केली. आता चांगले गुडघेवालेही तिथेच बसायला बघतात, चहा आधी मिळतो.

पहाटेची_बॅच (इंदिरानगर, नाशिक)

सगळ्यांचे आभार, खरंच. आज क्लास संपल्यावर मावशींना थांबवलं. दाखवा म्हटलं कुठे दुखतं, तर फिजिओ सरांनी लिहिलंय तसाच पंजा लावला, बघून अंगावर काटा आला. मग मांडीचं सांगितलं. दोन मिनिटं गप्प बसल्या आणि म्हणाल्या, 'मला माहीत होतं गं, पण तू म्हणालीस म्हणून बरं वाटलं होतं.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग विचारलं, मांडी सोडून रोजचं कुठलं काम अडतं? तर उजव्या पायाची नखं. नातू कापतो, अकरा वर्षांचा, आणि तो परवा म्हणाला आजी आता आईला सांग ना. उजव्या अंगठ्याचं नख नेलकटरने तिरपं कापलेलं, बाजूला रक्त सुकलेलं, मी बघितलं. म्हणजे आता आम्ही नखापाशी पोचायचं ठरवलंय. खुर्चीत बसून पाय छोट्या स्टुलावर, आज बोटं नडगीच्या मध्यापर्यंत गेली, तिथे खडूने खूण करू का म्हणाल्या, शिक्षिकाच शेवटी.

एकच विचारायचंय, हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत हत्त्याच्या, त्या चालतील की नवीन घेऊ?

फिजिओ_नाशिकरोड

हत्ते पाहिजेतच, उठताना जोर लावायला. प्लॅस्टिकची नको, फरशीवर सरकते. जड लोखंडी किंवा लाकडी बघा आणि पाठ भिंतीला लावून ठेवा. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर येत असतील तर बुडाखाली जाड सतरंजीची घडी घाला. आणि स्टूल आठवडाभर तरी वीतभर उंचीचंच, खडूची खूण पुढे सरकली तरी.

दोरी_आणि_लोड (गंगापूर रोड)

माझ्याकडे एक जुनी लोखंडी हत्त्याची खुर्ची पडून आहे, एक रबरी बूच गेलंय ते मेनरोडला मिळेल. रविवारी घेऊन जा.