रात्री केस गुंडाळून झोपायचं की सकाळी गरम मशीन फिरवायचं?

पारिजातक:
मागच्या रविवारी भाचीचं डोकं विंचरायला घेतलं. शेंड्यापासून चार बोटांवर केसाकेसाला पांढरे ठिपके दिसले. आधी वाटलं कोंडा अडकलाय. झटकला तर निघेना. फणी फिरवली आणि केस बरोब्बर त्या ठिपक्यावर तुटून हातात आला. खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं, तर त्या जागी केस फुटून कुंच्याच्या टोकासारखा पिंजला होता. कारण विचारायची गरज नव्हती. कॉलेजच्या गॅदरिंगच्या तालमी सुरू झाल्यापासून दोन महिने ती रोज सकाळी गरम मशीनवर केस कुरळे करून जात होती, आणि मशीनचा काटा सगळ्यात वर, 230 अंशांवर. न्हाऊन आल्यावर अर्धवट ओल्या केसांवरच ती ते फिरवायची. पाणी 100 अंशांवर उकळतं. केसाच्या आत मुरलेल्या पाण्याची तिथल्या तिथे वाफ झाली की केसाला आतून बुडबुडे येतात आणि तो पोकळ, ठिसूळ होतो.

माझं मत स्पष्ट आहे. घरात, त्यातून सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या हातात, हे मशीन नको. केस कुरळे करायचे तर रात्री गुंडाळून झोपावं. आमच्या मिरजेच्या घरी आजी लग्नकार्याच्या आदल्या रात्री आम्हा बहिणींना ओळीने बसवायची. जुन्या सुती साडीच्या दीड इंच रुंद, वीतभर लांब पट्ट्या फाडायची. कात्रीने कापायची नाही. फाडलेल्या कडेला तंतू सुटतात, त्यामुळे गाठ सरकत नाही. एक बट घ्यायची, शेंडा पट्टीच्या मधोमध ठेवायचा, टाळूपर्यंत गुंडाळत न्यायचं आणि पट्टीची दोन टोकं बांधायची. डोकंभर बारा-चौदा गाठी. सकाळी सोडल्या की मऊ, गोल बटा.

यामागचं कारण साधं आहे. केस ओलसर झाला की त्याच्या आतले नाजूक बंध पाण्याने सुटतात आणि केस ज्या आकारात सुकेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. सुती साडीवर पाणी शिंपडून इस्त्री करतो, तसंच. पार्लरमधलं पर्मिंग वेगळं. त्यात रसायनाने गंधकाचे पक्के बंध तोडून नव्याने जोडतात, म्हणून ते महिनोन्‌महिने टिकतं. रात्रीची बट पुढच्या न्हाण्यापर्यंतच. पण त्यात केसाचं काही जात नाही, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

हिरकणी:
‘केसाचं काही जात नाही’ हे मला अजिबात पटत नाही. ओला केस हा सगळ्यात कमजोर केस. पाण्याने फुगतो, ताणला तर जास्त लांबतो आणि लवकर तुटतो. तो आवळून बांधायचा आणि त्यावर सात-आठ तास डोकं घासत झोपायचं, याला काळजी कसं म्हणायचं?

शिवाय आपण ‘उष्णता वाईट, वारा चांगला’ असं धरून चालतो. 2011 मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केसांचे झुपके तीस-तीस वेळा धुऊन वेगवेगळ्या प्रकारे सुकवून पाहिले. ड्रायर 15 सेंटीमीटर लांब धरून सतत हलवत ठेवला तेव्हा तापमान 47 अंशांच्या आसपास राहिलं. ड्रायर जवळ नेला, 95 अंशांपर्यंत गेला, तसा केसाच्या पृष्ठभागाला जास्त त्रास झाला. पण केसाच्या आत पेशींना सांधणारा जो थर असतो, त्याची हानी नुसते वाऱ्यावर सुकवलेल्या केसांतच दिसली. कारण ते फार वेळ ओले राहिले. आता पट्टीत घट्ट गुंडाळलेली ओली बट किती वेळ ओली राहत असेल याचा विचार करा. पहाटे चारला मानेखालचा केस हात लावून पाहिला आहे का कधी? गारढोण असतो. मला स्वतःला अशा रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी हमखास डोकं जड होतं.

पारिजातक:
हिरकणी, ओले केस बांधायचे असं मी म्हटलंच नाही, ‘ओलसर’ म्हटलं. पण फरक नीट सांगायला हवा होता, तुझं बरोबर आहे. आजी सकाळी न्हायला घालायची, दिवसभर केस सुकायचे, आणि रात्री बांधताना वाटीतल्या पाण्यात बोटं बुडवून फक्त बटेवरून फिरवायची. न्हाऊन थेट गाठी, असं आमच्याकडे कधीच झालं नाही.

कंगवाकात्री:
पारिजातक ताई, मी सांगलीत वीस वर्षं पार्लर चालवते. तुमच्या भाचीच्या केसांचं वाचून वाईट वाटलं, असे केस माझ्याकडे दर आठवड्याला येतात. पण दोष मशीनचा नाही, वापरण्याचा आहे. 230 अंश हा आकडा घरच्या वापरासाठी नाहीच. बारीक केसाला 150 च्या आत, जाड केसाला फार तर 180. केस पूर्ण कोरडे हवेत. एका बटेवरून एकदाच, आठ-दहा सेकंद. आणि आठवड्यातून एकदा, रोज नाही. एवढं पाळलं तर ते पांढरे ठिपके येत नाहीत.

आणि दुसरी बाजूही लिहा ना. हल्ली तो साटनचा लांब रोल निघालाय, कपाळावरून आडवा ठेवून दोन्हीकडून केस त्याला पिळत खाली न्यायचे. मुली तो इतका ओढून बांधतात की भांगाजवळचे आणि कानावरचे केस विरळ होतात. एक मुलगी आली होती, एकोणीस वर्षांची, कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत बोटभर जागा रिकामी. घट्ट वेणी, घट्ट अंबाडा आणि रात्रीचा तो रोल, सगळं मिळून. मुळाशी रोज ताण पडला की केस गळतो, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ती जागा परत भरत नाही. जळलेला शेंडा कापता येतो ताई. गेलेलं मूळ मी कुठून आणू?

नवरीचंही सांगते. पहाटे साडेपाचचा मुहूर्त असला की आम्ही तीनला उठतो. तिला रात्री गाठी बांधून झोपवलं आणि सकाळी अर्धे केस सरळ निघाले तर दुसरी संधी नसते. अशा वेळी मशीनच लागतं.

खाडीकाठ:
सांगली-मिरजेत जमत असेल. मी रत्नागिरीची. जून ते सप्टेंबर आमच्याकडे दोरीवरचा टॉवेल दोन दिवस सुकत नाही, तिथे बांधलेली बट रात्रीत कशी सुकणार? आणि सुकली तरी घराबाहेर पडल्यावर हवेतलंच पाणी ते बंध पुन्हा सोडवतं. बस स्टँडवर पोहोचेपर्यंत केस पुन्हा होते तसे. मशीनवाल्या बटाही पडतात बरं का, कारण मशीनही तेच नाजूक बंध वापरतं. त्यामुळे पावसाळ्यात ‘गरम टिकतं, गार टिकत नाही’ हे खरं नाही, दोन्ही सारखीच पडतात.

मला ज्याने फरक पडला ते सांगते, जवस. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवून ढवळत राहायचं. आठ-दहा मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटू लागते. तार दिसली रे दिसली की लगेच पातळ पंचातून गाळायचं. गार होऊ दिलं तर चिकट गोळा होतो आणि काही केल्या गाळत नाही. बांधताना बोटभर बटेला लावायचं. सुकल्यावर केस जरा कडक लागतो, मग हातावर दोन थेंब खोबरेल घेऊन चुरगळला की मऊ होतो. फ्रिजमध्ये आठवडाभर राहतं. तरीही आषाढात माझी बट दुपारपर्यंतच, हे खरं.

वाकडी_बट:
तुम्ही सगळ्या कसं करायचं यावर बोलताय. मला का करायचं हे विचारायचंय, आणि जरा रागानेच विचारायचंय.

माझे केस जन्मतः कुरळे. शाळेत दहा वर्षं चपचपीत तेल आणि दोन घट्ट वेण्या, एक बट सुटली तरी वहीत शेरा. घरात प्रत्येक समारंभाला ‘हिचे केस जरा नीट करा’. बाविसाव्या वर्षी मी हजारो रुपये घालून केस सरळ करून घेतले, कारण नोकरीच्या मुलाखतीआधी तसं सुचवण्यात आलं. आता ज्यांनी मला विंचरा-विंचरा म्हटलं, त्यांच्याच मुली रात्री गाठी बांधून माझ्यासारखे केस करून घेतात आणि सकाळी सगळे ‘किती गोड’ म्हणतात. अजिंठ्याच्या चित्रांतल्या स्त्रियांच्या कपाळावर, मानेवर किती बारीक कुरळ्या बटा रंगवल्यात ते जाऊन पाहा. आपल्या मातीत हे केस कधी परके नव्हते. मग माझेच का ‘अवतार’ ठरले?

गरम की गार, हा माझ्यासाठी दुसरा प्रश्न. मुलीच्या डोक्यावर जे उगवलंय ते तसंच चांगलं आहे असं तिला कुणी सांगतं का, हा पहिला.

पारिजातक:
हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझी धाकटी बहीण कुरळ्या केसांची. आजी आमच्या तिघींच्या गाठी बांधायची तेव्हा तिला मात्र तेल लावून केस चापूनचोपून बसवायची. ती दाराशी उभी राहून आमच्याकडे बघायची, ते आज आठवलं. तुझा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की भाचीला एखाद्या दिवशी वेगळं दिसावंसं वाटतं, त्यात मला गैर दिसत नाही. रोजच वेगळं दिसायला हवं असं तिला वाटू लागलं होतं, ते मला खुपलं.

रातपाळी:
मी इस्पितळात रात्रपाळी करते, घरी येऊन दिवसा झोपते. डोक्यात गाठी असल्या की एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होताना जाग येते. केसांसाठी झोप घालवू नका. त्यापेक्षा सैल तिपेडी वेणी, दोन घाला, शेंड्याशी कापडी रबर. गोल बट नाही, पण लहर येते आणि झोपही लागते.

कंगवाकात्री:
रातपाळी म्हणतात ते सगळ्यात सुरक्षित. वेणी जेवढी वरून सुरू कराल तेवढी लहर वरपर्यंत. फक्त सैल.

हिरकणी:
वेणीला माझीही हरकत नाही. माझी हरकत ‘घरगुती म्हणजे निरुपद्रवी’ या गृहीतकाला होती आणि अजूनही आहे.

पारिजातक:
माझ्या पहिल्या पोस्टमध्ये दुरुस्ती करते. एक, केस आधी जवळजवळ सुकलेले हवेत, फक्त बटेला पाण्याचं बोट. दोन, मुळापाशी बोटभर जागा सोडून गाठ, ओढायचं नाही. तीन, आठवड्यातून एक-दोनदा, त्याहून जास्त नाही. कंगवाकात्री, तुमच्या पार्लरमध्ये तुमच्या हातात मशीन असणं मला मान्य आहे. भाचीच्या कपाटात ते असणं अजूनही मान्य नाही. 180 चा काटा घाईच्या सकाळी 230 वर जायला एक बोट पुरतं.

कंगवाकात्री:
इथे आपलं जुळणार नाही ताई. कपाटातून काढलंत तर ती मैत्रिणीकडे जाऊन वापरेल, तेही कुणी न शिकवता. माझ्याकडे घेऊन या. शेंडे कापून देते आणि अंश कसे बघायचे ते तिलाच दाखवते.

पारिजातक:
शेंडे कापायला नक्की आणते. बाकीचं तिथे बोलू. काल रात्री तिने स्वतःच पट्ट्या फाडून घेतल्या, बारा गाठी बांधल्या. सकाळी नऊ छान सुटल्या. मागच्या तीन, मानेजवळच्या, सरळच्या सरळ, हाताला अजून ओल लागत होती.

कंगवाकात्री:
मागचे केस सगळ्यात दाट असतात आणि उशीखाली वारा लागत नाही. तिथे तीनऐवजी पाच बारीक बटा घ्या, पाणी अजिबात लावू नका, आणि झोपण्याआधी दहा मिनिटं पंख्याकडे पाठ करून बसवा.