वेस्करला ज्वालामुखीतच राहू द्या

बंद_खोली: ‘खलनायक अल्बर्ट वेस्कर परत आल्याशिवाय रेसिडेंट ईव्हिल या व्हिडिओ गेम मालिकेत राम नाही’ असे परवा एकाने लिहिले आणि खाली अनुमोदनांची रांग लागली. दोन ओळींत उत्तर भागणार नव्हते, म्हणून हा धागा. २००९ च्या पाचव्या भागात वेस्कर लाव्ह्यात बुडत असताना ख्रिस आणि त्याची साथीदार शेवा या नायकांनी हेलिकॉप्टरमधून त्याच्या डोक्यावर एकेक रॉकेट डागले. सहाव्या भागात त्याचा मुलगा जेक, बापाला कोणी मारले हे कळल्यावर, ख्रिसवर पिस्तूल रोखतो. बाप जिवंतच होता असे उद्या सांगितले, तर त्या प्रसंगात उरते काय?

टायरंट९६: साफ असहमत. १९९६ च्या पहिल्या भागात टायरंट या राक्षसाचा पंजा आरपार गेला तेव्हाही वेस्कर मेलाच होता, आणि मालिकेतल्याच ‘कोड व्हेरोनिका’मध्ये विषाणूच्या जोरावर तो परतला. तुम्ही ज्याच्या मरणाचे एवढे कौतुक करता, तो गोळ्या चुकवणारा, लाल डोळ्यांचा वेस्कर त्या पुनरागमनातूनच घडला. त्याआधी तो केवळ एक दगाबाज कप्तान होता. शिवाय ख्रिसची जुनी सहकारी जिल खिडकीतून दरीत कोसळूनही परत आली, ते तुम्हाला कसे चालते?

बंद_खोली: जिलचा मृतदेह कोणाला सापडला नव्हता, वेस्करचा शेवट आपण डोळ्यांनी पाहिला, हा फरक लहान नाही. टेक्केन या मारामारीच्या गेम मालिकेतही हेइहाची या पात्राला सातव्या भागात लाव्ह्यात फेकले आणि २०२४ मध्ये आठव्यात परत आणले. तेव्हापासून त्या मालिकेत कोणी मेले, तर मला काहीही वाटत नाही.

हिरवा_पाला: मुळात पाचव्याचा शेवट एवढा पवित्र का मानायचा? मी तो एकट्याने खेळलो, म्हणजे शेवाला संगणक चालवत होता. मला जरासा ओरखडा आला, की शेवा जपून ठेवलेला औषधी पाला वापरून टाकत असे, आणि मोठ्या लढतीच्या वेळी माझ्याकडे काहीच उरत नसे. ज्वालामुखीत ख्रिस प्रचंड दगडाला बुक्के मारू लागला, तेव्हा माझा उरलासुरला विश्वासही उडाला.

बंद_खोली: शेवाला नावे ठेवणे आता पुरे. तिच्याजवळ पाला ठेवलाच नाही, तर ती वापरेल कुठून? आम्ही दोघे भाऊ एकाच टीव्हीवर, पडदा विभागून खेळलो. वेस्करशी लढताना हँगरमधले दिवे घालवायचे, धाकट्याने रॉकेट सोडायचे, वेस्करने ते हातांनी अडवले की मी त्या रॉकेटवरच गोळी झाडायची, मग एकाने त्याला मागून जखडायचे आणि दुसऱ्याने इंजेक्शन टोचायचे. चार वेळा हरून पहाटे ते जमले, तेव्हा आईला जाग येऊ नये म्हणून आम्ही उशीत तोंड खुपसून ओरडलो होतो.

हिरवा_पाला: ज्याला सोबत खेळायला भाऊ नव्हता, त्याने काय करायचे? शेवा उत्तम ठरते ती तिच्या जागी माणूस बसल्यावरच, हे तुम्हीच सिद्ध केलेत.

टायरंट९६: मूळ मुद्द्यावर या. तुमच्या एका रात्रीच्या आठवणीसाठी लेखकांनी कथा गोठवून ठेवायची, हा हट्ट आहे. सातव्या भागापासून मालिकेला वेस्करच्या तोलाचा खलनायक मिळालेला नाही.

बंद_खोली: हट्ट म्हणा, पण मग नवा खलनायक घडवा, आठव्यातील मिरांडा हा निदान तसा प्रयत्न होता. चौथ्याच्या २०२३ च्या नव्या आवृत्तीत वेस्कर दिसला, त्याला माझी हरकत नाही, कारण ती कथा २००४ मधली आहे.

टायरंट९६: जेकचा मुद्दा मला खोडता येत नाही, हे नाइलाजाने मान्य करतो. मात्र पाचवा भाग नव्याने केला, तर शेवट बदलण्याची मुभा त्यांना असलीच पाहिजे.

हिरवा_पाला: आणि शेवाही.