मदत हवी आहे: जिमी स्पीयर्सवरच्या लेखासाठी फोटो आणि एक शब्द

नमस्कार मंडळी,

मुलाच्या फुटबॉल क्लबच्या दिवाळी अंकासाठी मी जिमी स्पीयर्सवर लेख लिहितेय. ग्लासगोचा हा फॉरवर्ड तिथल्या रेंजर्स आणि क्लाइड या क्लबांकडून खेळून इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड सिटी क्लबात आला आणि तिथे कॅप्टन झाला.

१९११ची एफए कप (इंग्लंडची मोठी बाद फेरीची स्पर्धा) फायनल क्रिस्टल पॅलेसला ०-० सुटली. चार दिवसांनी ओल्ड ट्रॅफर्डवर न्यूकॅसलशी पुन्हा सामना झाला आणि पहिल्या हाफमध्येच स्पीयर्सच्या हेडरने चेंडू जाळ्यात गेला. तेवढा एकच गोल! कप त्या वर्षी नवाकोरा होता, तोही ब्रॅडफर्डच्याच फॅटोरिनी पेढीने घडवलेला. पहिल्यांदा तो उचलला स्पीयर्सने. ब्रॅडफर्डच्या संघात तेव्हा आठ जण स्कॉटिश होते.

पुढे तो लीड्स सिटीकडे गेला. १९१५ साली, बायको आणि दोन लेकरं घरी असताना, पहिल्या महायुद्धात स्वतःहून कॅमेरॉन हायलँडर्स या ब्रिटिश सैन्याच्या स्कॉटिश रेजिमेंटमध्ये भरती झाला. शौर्यासाठीचं मिलिटरी मेडल मिळालं. ऑगस्ट १९१७मध्ये बेल्जियममधल्या पॅशनडेलच्या लढाईत मारला गेला. वय फक्त ३१. हे टाइप करताना हात थांबतो हो.

त्याची कबर तिथेच, ईप्र शहराजवळच्या डोची फार्म स्मशानभूमीत आहे. तिकडे राहणारं किंवा जाणारं कुणी आहे का? नाव कोरलेल्या दगडाचा एक स्वच्छ फोटो हवाय, छापायची परवानगी धरून.

आणि दुसरं, तो ‘इनसाइड फॉरवर्ड’ खेळायचा, म्हणजे मधला फॉरवर्ड आणि कडेचा विंगर यांच्या मधल्या जागी. दहा-बारा वर्षांच्या पोरांना समजेल असा मराठी शब्द सुचवाल का? ‘आतला आघाडीवीर’ कानाला फार जड वाटतं. अंक पुढच्या महिन्यात छपाईला जातोय.