मदत हवी आहे: निकाल राखून ठेवलेला, न्यायमूर्ती दीर्घ आजारी

उच्च न्यायालयातलं दिवाणी प्रथम अपील. दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने युक्तिवाद संपवून निकाल राखून ठेवला, त्याला चार महिने झाले. त्यातले एक न्यायमूर्ती आजारपणामुळे रजेवर आहेत.

जे ठाऊक आहे ते आधी सांगतो, म्हणजे तेच परत नको. सर्वोच्च न्यायालयाच्या अनिल राय (२००१) निकालाप्रमाणे तीन महिन्यांनंतर लवकर निकालासाठी अर्ज करता येतो आणि सहा महिन्यांनंतर प्रकरण दुसऱ्या पीठाकडे द्या, असा अर्ज मुख्य न्यायमूर्तींकडे. पहिल्या अर्जाचा इथे उपयोग काय? सही करणारेच रजेवर! संविधानाच्या अनुच्छेद २२४(२) खाली त्यांच्या जागी तात्पुरते कार्यकारी न्यायाधीश नेमले, तरी न ऐकलेल्या प्रकरणात ते निकाल देऊ शकत नाहीत. मसुदा तयार असला तरी भागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्याच सुरेंद्र सिंग (१९५४) प्रकरणात सही केलेले न्यायमूर्ती निकाल जाहीर होण्याआधी वारले आणि तो निकाल टिकला नाही.

आता प्रश्न. सहा महिने पुरे व्हायची वाट न बघता, रजा लांबणार हे कारण देऊन प्रशासकीय बाजूने निबंधकांमार्फत विनंती चालते, की रीतसर अर्जच लागतो? फेरसुनावणीत आधीचे लेखी युक्तिवाद दोन्ही बाजूंच्या संमतीने तसेच वापरू देतात का? आणि न्यायमूर्तींनी राजीनामा दिला, तर निबंधक कार्यालय फाइल आपणहून मुख्य न्यायमूर्तींपुढे ठेवतं, की वकिलांनीच मेन्शन करायचं, म्हणजे कोर्टात तोंडी लक्ष वेधायचं?

‘अपील निकाली निघेपर्यंत’ अशी स्थगिती आहे, त्यामुळे ती चिंता नाही. अपील शाखेत काम केलेल्यांनी प्रत्यक्ष पद्धत सांगावी.